काया ही पंढरी, मग आतला विठ्ठल कोण?

‘काया ही पंढरी, आत्मा हा विठ्ठल.’ आषाढीच्या सुमारास हे शब्द कानावर पडत नाहीत असं मराठी घर शोधून सापडणार नाही. चाल इतकी अंगवळणी पडली आहे की शब्दांकडे लक्ष जात नाही. ती क्षणभर बाजूला ठेवून एकनाथ महाराज काय म्हणतात ते बघा. देव सगळीकडे आहे म्हणून तुझ्यातही आहे, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ज्याला तू ‘मी’ म्हणतोस त्याच्या मुळाशी जे आहे तोच विठ्ठल, असं ते सांगतात.

माझा भाचा नववीत होता तेव्हा हा अभंग ऐकून त्यानं एका दमात दोन प्रश्न विचारले होते. ‘मावशी, म्हणजे मी देव आहे का? आणि देव आतच आहे तर आजी एवढं चालत पंढरपूरला कशाला जाते?’ मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं, की उपनिषदांपासून संतांपर्यंत सगळे याच दोन प्रश्नांशी झटले आहेत. आणि पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही चुकतं.

‘मी देव आहे’ या वाक्यात खरी अडचण ‘देव’ या शब्दाची नाही, ‘मी’ या शब्दाची आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात यावर एक गोष्ट आहे. प्रजापती म्हणाले, आत्म्याला म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही. त्याला ओळखणाऱ्याला सगळं मिळतं. हे देवांच्याही कानावर गेलं आणि असुरांच्याही. देवांकडून इंद्र निघाला, असुरांकडून विरोचन. दोघं हातात समिधा घेऊन प्रजापतींकडे आले आणि 32 वर्षं ब्रह्मचर्यानं राहिले. मग प्रजापतींनी सांगितलं, ‘डोळ्यात जो पुरुष दिसतो, तो आत्मा.’ त्यांनी दोघांना पाण्यानं भरलेल्या भांड्यात बघायला लावलं. मग चांगली वस्त्रं नेसून, दागिने घालून पुन्हा बघायला लावलं. दोघांना आपापली नटलेली प्रतिबिंबं दिसली आणि दोघंही समाधानानं घरी निघाले.

विरोचन घरी पोचला आणि त्यानं असुरांना शिकवण दिली: हा देह हाच आत्मा, याचीच पूजा करा, याचीच सेवा करा. त्याचा शोध तिथंच संपला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवर थबकला. देह नटला की आत्मा नटतो, तर देह आंधळा झाला की आत्माही आंधळा होणार. देह गेला की आत्माही जाणार. यात मला काही भलं दिसत नाही, असं म्हणून तो परत आला.

आणखी 32 वर्षं. या वेळी प्रजापती म्हणाले, स्वप्नात जो हिंडतो तो आत्मा. इंद्राला पुन्हा वाटेत शंका आली: देह आंधळा असला तरी स्वप्नातला मी आंधळा नसतो, हे खरं, पण स्वप्नातही कुणी मारतं, पाठलाग करतं, रडू येतं. तो परतला. आणखी 32 वर्षं. गाढ झोपेत जो शांत असतो तो आत्मा, असं सांगितलं गेलं. इंद्र तिसऱ्यांदा परतला: गाढ झोपेत तर ‘हा मी’ एवढंही कळत नाही, जणू नाहीसाच झालो. मग शेवटची 5 वर्षं. एकूण 101 वर्षं झाल्यावर प्रजापतींनी सांगितलं, की हे शरीर मर्त्य आहे, मृत्यूनं ग्रासलेलं आहे, आणि त्या अशरीर, अमर आत्म्याचं ते केवळ राहण्याचं ठिकाण आहे. डोळा हे बघण्याचं साधन. ‘हे मी बघतो’ असं ज्याला जाणवतं, तो आत्मा.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण शिकवण एकच होती आणि ऐकणारे दोघं होते. ‘तू देव आहेस’ हे वाक्य विरोचनाच्या कानानं ऐकलं तर माणूस आरशासमोर जाऊन उभा राहतो: माझं शरीर, माझी हुशारी, माझ्या इच्छा, सगळं दिव्य. इंद्राच्या कानानं ऐकलं तर उलट एकेक थर सोडत जावं लागतं. आजकाल ‘तुमच्यातली दिव्य शक्ती ओळखा, हवं ते मिळवा’ असं ठिकठिकाणी सांगितलं जातं. त्या सांगण्याचं कूळ विरोचनाकडे जातं, हे ऐकणाऱ्यानं ओळखलं पाहिजे.

थर सोडत जाणं म्हणजे काय, हे स्वतःपुरतं करून बघता येतं. पाच वर्षांचे असतानाचा फोटो काढा. ‘हा मी’ असं आपण सहज म्हणतो. त्या मुलाचा चेहरा, उंची, आवाज, आवडीनिवडी, भीती यांतलं आज जवळपास काही उरलेलं नाही. तरी ‘मी’ म्हणताना आपल्याला कुठंही अडखळायला होत नाही. शरीर बदललं, मन बदललं, समजूत बदलली, आणि हे सगळं बदलताना ज्यानं बघितलं ते मात्र एकच आहे असं वाटतं. उपनिषदं त्या बघणाऱ्याकडे बोट दाखवतात. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी त्याचं वर्णन करायला जातात तेव्हा ‘नेति नेति’, हे नव्हे, हे नव्हे, असंच म्हणतात. जे जे दिसतं ते बघणारा नव्हे, एवढं साधं त्यामागचं कारण आहे.

आता हा आतला बघणारा आणि विश्वाच्या मुळाशी असलेलं ब्रह्म, यांचा संबंध काय? इथं छांदोग्याच्याच सहाव्या अध्यायात जावं लागतं. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुकुलात गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत आला. उपनिषद त्याच्यासाठी ‘स्तब्ध’ असा शब्द वापरतं. म्हणजे ताठलेला, मान न वाकणारा. वडिलांनी, उद्दालक आरुणींनी, पोराचा ताठा ओळखला आणि विचारलं, ‘जे कळलं की न कळलेलंही कळतं, ते तू गुरुजींना विचारलंस का?’ मुलाला ते ठाऊक नव्हतं. मग बापानं घरातल्या वस्तू घेऊन शिकवायला सुरुवात केली.

‘वडाचं फळ आण. फोड. काय दिसतं?’ ‘बारीक दाणे.’ ‘त्यातला एक फोड. आता काय दिसतं?’ ‘काहीच नाही.’ ‘जे तुला दिसत नाही, त्याच सूक्ष्मातून हा एवढा वड उभा आहे.’

मग मिठाचा प्रयोग. ‘हे मीठ पाण्यात टाक आणि सकाळी माझ्याकडे ये.’ सकाळी म्हणाले, ‘रात्री टाकलेलं मीठ काढून दे.’ श्वेतकेतूनं चाचपलं, मीठ हाती लागेना. विरघळून गेलं होतं. ‘या कडेचं पाणी चाखून बघ.’ खारट. ‘मधलं?’ खारट. ‘त्या कडेचं?’ खारट. ‘डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आहे ते इथंच आहे. हे सूक्ष्म तत्त्व सगळ्याचा आत्मा आहे. तत्त्वमसि श्वेतकेतो. ते तू आहेस.’ हे ‘तत्त्वमसि’ त्या अध्यायात नऊ वेळा येतं, दर वेळी नव्या दाखल्यानंतर.

मिठाच्या दाखल्यात मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते चाखणं. बापानं मुलाला ‘मान’ असं सांगितलं नाही. शोधायला लावलं, हात रिकामा राहू दिला आणि मग जीभ वापरायला लावली. मीठ होतंच, शोधण्याचं इंद्रिय चुकत होतं.

‘ते तू आहेस’ हे तीन शब्दांचं वाक्य, पण त्याचा अर्थ लावताना आपल्याकडचे तीन मोठे आचार्य तीन वाटांनी गेले. बऱ्याच लेखांत फक्त अद्वैत सांगून ‘हिंदू धर्म असं म्हणतो’ असा शिक्का मारलेला असतो. ते बरोबर नाही.

शंकराचार्यांच्या अद्वैतात हे वाक्य अक्षरशः एकत्व सांगतं. त्यांच्या परंपरेत ‘सोऽयं देवदत्तः’, हा तोच देवदत्त, असा दाखला देतात. शाळेतला मित्र तीस वर्षांनी बसस्टँडवर भेटला, तर ‘अरे, हा तोच!’ असं आपण म्हणतो. तेव्हाचा गाव, वय, दप्तर आणि आत्ताचं टक्कल, चष्मा, पिशवी हे सगळं बाजूला टाकतो. उरतो तो माणूस एक. तसं ‘तू’मधून तुझं छोटेपण काढ, ‘ते’मधून जगाचा कारभार चालवण्याचं मोठेपण काढ, उरतं ते शुद्ध चैतन्य, आणि ते एकच. घड्यातलं आकाश आणि बाहेरचं आकाश वेगळं वाटतं ते घड्याच्या भिंतीमुळे.

रामानुजाचार्यांना हे पटत नाही. भेद खोटा ठरवला तर भक्ती कुणी कुणाची करायची? ते म्हणतात, शरीराचं आत्म्याशी जे नातं, तेच जीवाचं ईश्वराशी. मी माझ्या शरीराचा आत्मा आहे आणि ईश्वर माझ्या आत्म्याचा आत्मा आहे. त्याच्यावाचून मी क्षणभरही नाही, पण मी म्हणजे तो नव्हे. मध्वाचार्य आणखी पुढे जातात. उपनिषदातले शब्द संधीनं जोडलेले आहेत, ‘स आत्मातत्त्वमसि’. ते ‘आत्मा तत्’ असंही सुटतं आणि ‘आत्मा अतत्’ असंही. मध्वाचार्यांनी दुसरं घेतलं: अतत् त्वम् असि, ते तू नाहीस. जीव हा देवाचं प्रतिबिंब आहे, त्याच्यावर पूर्णपणे अवलंबून आहे, आणि तो भेद कधीही पुसला जात नाही.

एका ‘अ’वरून एवढा फरक. पण तिघांच्या मतांत एक गोष्ट समान आहे: माणूस म्हणजे केवळ देह नव्हे, आणि त्याच्या आत ईश्वर अंतर्यामी म्हणून आहेच. गीतेचं ‘ईश्वरः सर्वभूतानां हृद्देशेऽर्जुन तिष्ठति’, सर्व प्राण्यांच्या हृदयात ईश्वर राहतो, हे वचन तिघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते नात्याचं.

आपल्या मातीत ज्ञानेश्वरांनी अद्वैत घेतलं, पण जगाकडे पाठ फिरवून नाही. अमृतानुभवात ते जगाला चैतन्याचाच विलास म्हणतात, म्हणजे जे दिसतं ते टाकून द्यायचं नाही. त्याआधी, शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात त्यांनी जी ओवी लिहिली ती लहान मुलालाही कळते: ‘जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत, हा भक्तियोगु निश्चित, जाण माझा.’ जो जो प्राणी समोर येईल तो देव मान. इथं ‘मी देव आहे का’ हा भाच्याचा प्रश्न मागे पडतो आणि समोरच्याचा प्रश्न पुढे येतो.

पण मग माणसं वाईट का वागतात? आत देव असेल तर क्रूरपणा येतो कुठून? गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन जवळजवळ हेच विचारतो: इच्छा नसतानाही, कुणी जबरदस्तीनं ओढावं तसा माणूस पाप का करतो? श्रीकृष्ण सांगतात, काम आणि क्रोध. आणि पुढे तीन उपमा देतात: धुरानं अग्नी झाकावा, धुळीनं आरसा झाकावा, वारेनं गर्भ वेढावा, तसं ज्ञान झाकलं गेलंय. या तीन झाकणांत मला फरक दिसतो. चुलीतला धूर फुंकणीनं दोन फुंकरीत जातो. आरशावरची धूळ फडक्यानं पुसावी लागते, आणि रोज पुसावी लागते. गर्भाची वार मात्र आपण ओरबाडून काढू शकत नाही. दिवस भरावे लागतात. एखाद्या माणसातलं चांगुलपण आज दिसत नाही तेव्हा मी या तिसऱ्या उपमेचा आधार घेते. झाकलेलं असणं म्हणजे नसणं नव्हे. आणि झाकण हटवणं हे ज्याचं त्याला करावं लागतं, म्हणून ‘आत देवच आहे’ असं म्हणून वाईट कृत्याला सूट मिळत नाही.

स्वामी विवेकानंदांनी 19 सप्टेंबर 1893 रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत वाचलेल्या निबंधात श्वेताश्वतर उपनिषदातली ‘अमृतस्य पुत्राः’ ही हाक घेतली आणि माणसाला पापी म्हणणं हेच पाप आहे असं सांगितलं. त्याचा अर्थ माणूस चुकत नाही असा नाही. चूक ही माणसाची ओळख नव्हे, असा आहे.

आता आजीच्या पायी वारीकडे वळते. काया पंढरी असेल तर चंद्रभागेच्या वाळवंटात उन्हापावसात जायचं कशाला? उत्तर त्याच अभंगात आहे, पण आपण बहुतेक वेळा पहिल्याच ओळीला माना डोलावतो. नाथांनी पुढे सगळी पंढरी शरीरात उभी केली आहे. भावभक्ती ही भीमा. दया, क्षमा, शांती हे वाळवंट. ज्ञान, ध्यान, पूजा, विवेक आणि आनंद हा वेणुनाद. दहा इंद्रियांचा एक मेळ, हा गोपाळकाला. आणि शेवटी:

‘देखिली पंढरी देहीं जनीं वनीं, एका जनार्दनीं वारी करी.’

पंढरी देहात बघितली, माणसांत बघितली, रानावनात बघितली. आणि हे सगळं बघून झाल्यावर नाथ काय करतात? वारी करतात. घरी बसत नाहीत. आतला देव सापडला म्हणून बाहेरचा सुटत नाही. उलट ज्याला चव कळली तो दर घोटाला मीठ ओळखतो. वारीत माणसं वयानं लहान असलेल्याच्याही पाया पडतात, एकमेकांना ‘माउली’ म्हणतात. पायावर डोकं ठेवणारा आणि ज्याच्या पायावर ठेवलं तो, दोघंही लगेच उलट वाकतात. छांदोग्याचा सहावा अध्याय कधीही न उघडलेली माणसं तो असा जगतात. आजी जात होती ती ‘जनीं’साठी, असं आज मी भाच्याला सांगेन.

पण या ‘जनीं’पाशीच आपला समाज शतकानुशतकं अडखळला, आणि ते न सांगता हा विषय सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. सर्वांच्या हृदयात ईश्वर आहे असं म्हणणाऱ्या परंपरेनंच माणसांना देवळाच्या दाराबाहेर उभं केलं. एकत्व शिकवणाऱ्या शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यातही शूद्रांना वेदाध्ययनाचा अधिकार नाकारलेला आहे. त्यांच्याच नावावर असलेल्या मनीषापंचक या स्तोत्रामागची कथा मात्र वेगळं सांगते: काशीत वाटेत आलेल्या चांडाळाला ‘दूर हो’ म्हटल्यावर त्यानं विचारलं, दूर कुणाला करायचं? अन्नानं बनलेल्या देहापासून अन्नानं बनलेला देह, की चैतन्यापासून चैतन्य? गंगेच्या पाण्यात पडलेलं सूर्याचं बिंब आणि चांडाळवस्तीतल्या पाण्यात पडलेलं बिंब यांत फरक आहे का? कथेत आचार्य त्याला गुरू म्हणून नमस्कार करतात.

कथेतला प्रश्न चौदाव्या शतकात एका बाईनं स्वतःच्या नावानिशी विचारला. संत चोखामेळा, म्हणजे चोखोबा, यांच्या पत्नी सोयराबाई म्हणतात:

‘देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध. देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?’

‘शुद्ध बुद्ध’ हे वेदान्ताचे ठेवणीतले शब्द आहेत. आत्म्याला नित्य, शुद्ध, बुद्ध, मुक्त म्हणतात. ज्यांना वेद ऐकण्याचीही बंदी होती, त्या बाईनं ते शब्द बिनचूक जागी वापरले आहेत. तिचा युक्तिवाद असा: विटाळ असलाच तर तो देहाचा, आणि देह प्रत्येकाचा त्याच रीतीनं जन्माला येतो. विटाळावाचून जन्मलेला देह जगात एकही नाही. मग सोवळा कोण? आणि आत्म्याला तर विटाळ शिवतच नाही. मग तुम्ही बाहेर कुणाला ठेवलंत? इंद्रानं 101 वर्षं देह आणि आत्मा वेगळे करायला घालवली. सोयराबाईंनी त्या वेगळेपणाचा हिशेब थेट देवळाच्या दाराशी मांडला आणि खाली स्वतःची सही केली, ‘म्हणतसे महारी चोखियाची’. आतल्या देवाबद्दल मराठीत याहून धारदार काही लिहिलं गेलंय असं मला वाटत नाही.

चोखोबांचा मृत्यू 1338 मध्ये मंगळवेढ्याला झाला. गावकुसाचं काम चालू होतं, ते कोसळलं आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही त्याखाली सापडले. परंपरा सांगते की नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात हाडं कुणाची ते ओळखणार कसं? नामदेवांनी एकेक अस्थी कानाला लावली, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या वेचून घेतल्या. पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली. दाराच्या बाहेर.

ते दार सगळ्यांसाठी उघडायला मे 1947 उजाडावा लागला. साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलमंदिर अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना खुलं झालं. चोखोबांची समाधी आजही तिथंच आहे, नामदेव पायरीसमोर. वारकरी महाद्वाराशी आले की आधी चोखोबांपुढे वाकतात, मग पायरीला हात लावतात, आणि मग विठ्ठलाकडे जातात.